हक्काची हद्द : व्यापारचिन्हे, स्वामित्वहक्क आणि पिशोरचा बाजार

सप्टेंबर १९४८ पर्यंत आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पिशोरच्या माणसाला परमुलूख फार लांब नव्हता. कन्नड ओलांडून औट्रम घाट उतरला की चाळीसगाव, म्हणजे इंग्रजी खानदेश, लागे. घाटाच्या वर निजामाची हुकमत, हाली सिक्का आणि निजामाच्या अदालती, तर घाटाच्या खाली मुंबई इलाख्याचा कलेक्टर, कलदार रुपया आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या विधिमंडळाने मंजूर केलेले कायदे. ग्रंथांच्या स्वामित्वहक्काचा १९१४ चा कायदा आणि व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा १९४० चा कायदा हे दोन्ही ब्रिटिश हिंदुस्थानापुरते होते. त्यामुळे पुण्यामुंबईच्या ज्या प्रकाशकाचा अथवा कारखानदाराचा हक्क चाळीसगावच्या बाजारात निर्विवाद, त्यालाच कन्नडच्या बाजारात त्या हक्काचा आधार दुसऱ्या सरकारच्या कायद्यात शोधावा लागे. मालाची बैलगाडी घाट चढून येई, पुस्तकांचे गठ्ठेही येत. कायदा मात्र घाटाखालीच थांबे.

हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर ही हद्द पुसली गेली आणि पिशोरचा वाणी, कारागीर, शाहीर व शेतकरी हे सारे एकाच देशाच्या कायद्याखाली आले. परंतु हक्काला हद्द असते हे त्या घाटाने शिकवलेले सत्य काही पुसले गेले नाही. फक्त ती हद्द आता मुंबई बंदरावर आणि विमानतळावर जाऊन बसली. आपल्याकडे स्वामित्वहक्क, व्यापारचिन्ह, पेटंट आणि अलीकडे वर्तमानपत्रांतून गाजणारे भौगोलिक मानांकन या सर्वांस सरसकट ‘रजिस्टर करून घेतले’ या एकाच वाक्प्रयोगाने उल्लेखण्याची सवय पडली आहे. या सवयीमुळे जो घोटाळा होतो तो असा की, ज्या हक्काला नोंदणीची गरज नाही त्यासाठी लोक दलालाला पैसे मोजतात आणि ज्या हक्कासाठी प्रत्येक देशाच्या दप्तरात स्वतंत्र अर्ज करावा लागतो तो आपल्या खिशात आहेच अशा समजुतीने माल जहाजावर चढवतात. पेटंटाचा विषय बाजूला ठेवून उरलेल्या तिघांचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम स्वामित्वहक्क. जुन्या मराठी पुस्तकांच्या आरंभी ‘सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे रजिस्टर केले आहे’ अशा धाटणीची जी सूचना आढळते तिने वाचकांच्या तीन-चार पिढ्यांची अशी समजूत करून दिली की, नोंद केली म्हणून हक्क आला. वस्तुतः तो १८६७ चा कायदा छापखाने व पुस्तके यांच्या नोंदणीचा होता, आणि त्यामागे सरकारची नजर छापील मजकुरावर राहावी हाही एक हेतू होता. आज लागू असलेला १९५७ चा कायदा २१ जानेवारी १९५८ रोजी अमलात आला. त्याचे तत्त्व अगदी निराळे आहे: लेखकाने कविता कागदावर उतरविली, चित्रकाराने चित्र पुरे केले, गायकाचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, की त्याच क्षणी हक्क जन्मास येतो, त्यासाठी दिल्लीच्या कचेरीकडे अर्ज करावा लागत नाही. अर्ज करून मिळणारा दाखला निरुपयोगी नव्हे, कारण न्यायालयात तो प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालतो आणि साहित्यकृतीसाठी त्याची फी अवघी ५०० रुपये आहे; पण दाखला हा हक्काचा साक्षीदार आहे, जनक नव्हे.

हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले असल्याने त्यांचे वाङ्मय १९९१ अखेर सर्वांस खुले होणार असे दिसू लागताच त्या वर्षाच्या डिसेंबरात वटहुकूम काढून आणि पुढील वर्षी कायदा दुरुस्त करून दहा वर्षांची भर घालण्यात आली. एका महाकवीच्या ग्रंथांसाठी साऱ्या देशातील लेखकांच्या वारसांना दहा वर्षांची देणगी मिळाली. या देणगीने मराठी वाचकाचे कल्याण झाले असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही, कारण ज्यांचे वारस सापडत नाहीत आणि ज्यांची पुस्तके पुन्हा छापण्यास कोणी धजत नाही अशा शेकडो लेखकांचे ग्रंथ त्या दहा वर्षांत अधिकच धूळ खात पडले. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, तेव्हा त्यांचे वाङ्मय १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाले, आचार्य अत्रे १९६९ साली गेले, त्यांच्या ग्रंथांची मुदत २०२९ च्या अखेरीस संपेल, वि. स. खांडेकरांसाठी २०३६ उजाडून सरावे लागेल.

आता हाच हक्क देशाबाहेर कसा वागतो ते पाहू. १८८६ साली बर्न येथे झालेल्या कराराने सभासद राष्ट्रांनी असे ठरवले की, एका देशातील लेखकाला दुसऱ्या देशात तेथील लेखकाइतकेच संरक्षण द्यावे आणि त्यासाठी नोंदणीची अट घालू नये. हिंदुस्थान १ एप्रिल १९२८ पासून या कराराचा स्वतःच्या नावाने सभासद आहे आणि आज सभासदांची संख्या १८० च्या वर गेली आहे. म्हणजे पिशोरच्या मुलीने आज लिहिलेल्या कथेचा हक्क उद्या टोकियोत आणि लिस्बनमध्ये आपोआप उभा राहतो. परंतु हक्क पोहोचतो म्हणून त्याची मुदतही सर्वत्र सारखी राहते असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. त्यामुळे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हा त्यांनी १९३६ साली स्वतः प्रसिद्ध केलेला ग्रंथ भारतात १ जानेवारी २०१७ पासून कोणीही छापू शकतो. अमेरिकेचा शिरस्ता मात्र जुन्या ग्रंथांबाबत प्रकाशनापासून ९५ वर्षे मोजण्याचा आहे, आणि १९९६ च्या आरंभी मूळ देशात ज्यांचा हक्क जिवंत होता अशा परदेशी ग्रंथांना त्या देशाने संरक्षण पुन्हा बहाल केले. त्या हिशेबाने हा ग्रंथ तेथे २०३१ सरेपर्यंत बांधलेला राहतो. एकच पुस्तक छत्रपती संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयाच्या आवारात मोकळे आणि न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात बंदिस्त, असा हा चमत्कार आहे. न्यू जर्सीच्या मराठी मंडळाने एखाद्या जुन्या ग्रंथाची आवृत्ती काढावयाची ठरवली, तर पुण्याच्या वकिलाचा सल्ला पुरेसा पडणार नाही तो याचसाठी.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. पैठण पिशोरच्याच जिल्ह्यात आहे, आणि एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा शेवटी त्यांनी असा कडक इशारा नमूद केला की, या ग्रंथात कोणी स्वतःची ओवी घुसडू नये. संतकवींच्या अभंगात कर्त्याच्या नावाची मुद्रा असते ती आपण सर्वच जाणतो. या दोन गोष्टींवरून आमच्याकडे स्वामित्वहक्क प्राचीन काळापासून होता असे सांगण्याचा मोह काहींना होतो. तो टाळलेला बरा. नाथांनी नक्कल करण्यास मनाई केली नव्हती. उलट ज्ञानेश्वरी घरोघरी लिहून काढली जावी हीच सर्वांची इच्छा होती. मनाई होती ती पाठ बिघडवण्यास. पैशाच्या मक्त्याची कल्पना तेथे नाही, मात्र कर्त्याचे नाव राहावे आणि कृतीचा विपर्यास होऊ नये ही कल्पना पूर्ण रूपात आहे. आजच्या कायद्याच्या ५७ व्या कलमात लेखकाचा जो नैतिक हक्क सांगितला आहे, आणि जो स्वामित्वहक्क विकून टाकल्यानंतरही लेखकाजवळ राहतो, त्याच्याशी नाथांचे नाते अधिक जवळचे आहे.

या नैतिक हक्काने पोट मात्र भरत नाही. याच जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यातील पळसखेड्याचे ना. धों. महानोर यांची गीते घेऊन ‘जैत रे जैत’ हा चित्रपट १९७७ साली आला, आणि योगायोग असा की त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या दाव्यात असा निवाडा दिला की, गीतकाराने वा संगीतकाराने मोबदला घेऊन चित्रपटासाठी काम केले असेल तर, उलट करार नसल्यास, हक्काचा पहिला मालक निर्माता ठरतो. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालपत्रात कलावंतांच्या बाजूने खंत नोंदवली. पण खंतीने हुकूमनामा बदलत नाही. बदल होण्यास ३५ वर्षे लागली. २०१२ च्या दुरुस्तीने असे ठरले की, चित्रपटातील गीत वा संगीत चित्रपटगृहाबाहेर अन्य मार्गाने वापरले गेले तर त्याच्या स्वामित्वधनाचा समान वाटा गीतकार व संगीतकार यांस मिळालाच पाहिजे, आणि हा वाटा त्यांनी करारात लिहून दिला तरी सुटत नाही. तो वारसांस अथवा वसुलीच्या सोसायटीस देता येतो, निर्मात्यास नाही. महानोर ३ ऑगस्ट २०२३ रोजी गेले. त्यांच्या कवितेचा हक्क २०८३ च्या अखेरीपर्यंत चालेल.

ग्रामीण लेखक-शाहिरांनी ध्यानात ठेवण्याजोगी आणखी दोन कलमे आहेत, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते साऱ्या कायद्यात त्यांच्याइतकी उपयुक्त कलमे दुसरी नाहीत. हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असल्याखेरीज ते वैध नाही, हे एक. दुसरे असे की, करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि मुलूख लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता समजावा. ज्या मराठी लेखकाने विसाव्या शतकाच्या अखेरीस कोऱ्या पोस्टकार्डावर ‘छापण्यास हरकत नाही’ एवढेच लिहून दिले असेल त्याने आपला हक्क जन्मभरासाठी गमावला, ही समजूत बहुधा चुकीचीच असते. मराठी पुस्तकांच्या दुसऱ्या पानावर स्वामित्वहक्काच्या चिन्हापुढे लेखकाच्या पत्नीचे नाव छापण्याची एक गोड रीत आहे; मात्र त्या नावामागे सहीचा कागद नसेल तर ती केवळ गृहसौख्याची बाब राहते.

लग्नसराईत बँडवाल्यांस आणि डीजेवाल्यांस पडणारा प्रश्नही याच कायद्याच्या पोटात आहे. धार्मिक विधीत, आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सामाजिक समारंभ येतात असे स्पष्टीकरण जोडून, गीत वाजवण्यास कायद्याने मुभा दिली आहे. केंद्र सरकारच्या खात्याने जुलै २०२३ मध्ये त्याचा पुनरुच्चारही केला. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये हाच आशय एका परिपत्रकाने जाहीर केला तेव्हा ध्वनिमुद्रण कंपन्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठापुढे गेल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टात ते परिपत्रक रद्द झाले, कारण कायद्याचा अर्थ लावून हक्कदाराचे हात बांधण्याचा अधिकार कार्यकारी सत्तेकडे नाही. कायद्यातील मुभा त्यामुळे गेली नाही. पिशोरच्या वरातीपुढे वाजणाऱ्या बँडला ती लागू आहे. मोठ्या शहरातील हॉटेलात तिकीट लावून केलेल्या नाचगाण्यास लग्नाचे नाव दिले म्हणून ती लागू होईल असे नव्हे.

स्वामित्वहक्क लेखणीतून जन्मतो, तसे व्यापारचिन्ह गिऱ्हाइकाच्या स्मरणातून जन्मते. हा फरक नीट कळावा म्हणून पार्ले कंपनीचा जुना दावा पाहण्यासारखा आहे. पार्ले ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर शेताच्या अंगणात उभी असलेली मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या असे चित्र होते. म्हैसूरच्या एका कारखान्याने आपल्या बिस्किटांवर जवळपास त्याच रंगसंगतीत डोक्यावर गवताचा भारा घेतलेली मुलगी, गाई आणि कोंबड्या छापल्या. खालच्या न्यायालयांनी दोन्ही वेष्टने शेजारी ठेवली, भेद मोजले आणि दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली निकाल फिरवला. त्याचे म्हणणे असे की, गिऱ्हाईक दोन वेष्टने शेजारी ठेवून तपासत नाही. त्याच्या मनात पहिल्या वस्तूची एक ढोबळ आठवण असते आणि त्या आठवणीवर विसंबून तो दुसरी वस्तू उचलतो, तेव्हा गाईंची संख्या किती आणि मुलीच्या हातात बादली की विळा, हे प्रश्न गौण आहेत. त्यापूर्वी १९६२ साली ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांच्या तंट्यातही याच सामान्य, अपुऱ्या स्मरणाच्या गिऱ्हाइकाला मानदंड मानले गेले होते. पुस्तकी विद्वत्ता बाजूस ठेवून न्यायासनाने खेड्यातील दुकानाच्या फळीवर डोळे आणले, हे या निवाड्यांचे खरे मोल आहे. कारण तोतया मालाचा व्यवहार चालतो तो तालुक्याच्या अलीकडे, जेथे गिऱ्हाईक रंग पाहून पुडी मागते आणि दुकानदार नाव न वाचता ती देतो.

चिन्ह कसे असावे याचे उत्तम उदाहरण छत्रपती संभाजीनगरानेच दिले आहे. भोगले कुटुंबाने १९६८ साली न चिकटणाऱ्या तव्याचा कारखाना काढला आणि त्यास ‘निर्लेप’ असे नाव दिले. वस्तूचे निव्वळ वर्णन करणारे नाव कायदा सहसा नोंदवून घेत नाही, कारण ‘गोड साखर’ हे शब्द एका व्यापाऱ्याच्या मालकीचे करून दिले तर इतरांनी साखर विकावी कशी? ‘निर्लेप’ वर्णनाच्या उंबऱ्यापर्यंत येते आणि तेथेच थांबते. तव्याचा गुण सुचवते, पण बाजारात कोणी ‘एक निर्लेप तवा’ म्हणून मागत नव्हता, तोवर ते केवळ अध्यात्मातले विशेषण होते. २०१८ साली बजाज इलेक्ट्रिकल्सने ही कंपनी घेतली, तेव्हा यंत्रांहून नावाचीच किंमत अधिक धरली गेली असेल असे मानण्यास जागा आहे. अजिंठ्याच्या नावाचीही गोष्ट मजेची. ‘अजंता’ हे नाव भिंतीवरच्या घड्याळांवर गुजरातच्या मोरबीतील कारखान्याचे आहे आणि औषधांवर दुसऱ्याच एका कंपनीचे, जिचा एक कारखाना पैठणला आहे. दोघेही आपापल्या जागी सुरक्षित आहेत, कारण चिन्हाची नोंद माल व सेवा यांच्या ४५ वर्गांपैकी अमुक वर्गात होते आणि घड्याळ घेणारा औषध समजून फसण्याचा संभव नाही. ज्या अनाम चित्रकारांमुळे त्या नावाला प्रतिष्ठा आली त्यांचा या हिशेबात कोठेच संबंध नाही, हे खटकते. परंतु दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रावर कोणाचाच हक्क उरत नाही. काल काढलेल्या त्याच्या छायाचित्रावर मात्र छायाचित्रकाराचा असतो.

वर्गांची ही भिंत फार प्रसिद्ध नावांपुढे खचते. किर्लोस्करांच्या नावाचा तंटा १९९५ साली मुंबई उच्च न्यायालयात आला. आपले आडनावच किर्लोस्कर आहे, मग ते आपल्या धंद्याला का देऊ नये, असा प्रतिपक्षाचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. नांगर, पंप आणि इंजिने यांवर दोन पिढ्यांनी पाहिलेले हे नाव आता कोणा व्यक्तीचे आडनाव एवढेच राहिलेले नसून एका उद्योगसमूहाच्या लौकिकाची खूण झाले आहे, आणि माल निराळा असला तरी लोक संबंध जोडतीलच, असे त्याचे तात्पर्य होते. ज्या मुलुखात विहिरीवरच्या इंजिनाची ओळखच या नावाने होत आली तेथे हा निवाडा समजावून सांगण्याची गरज नाही.

नोंदणीचा खर्च आणि रीत थोडक्यात अशी: ऑनलाइन अर्जास एका वर्गासाठी व्यक्ती वा लघुउद्योगास ४,५०० रुपये, इतरांस ९,०००, अर्ज तपासून सरकारी जर्नलात छापला जातो, चार महिन्यांत कोणी हरकत घेतली नाही तर नोंद होते, ती दहा वर्षांची असते आणि पुनःपुन्हा वाढवता येते. नोंद करून चिन्ह पाच वर्षांहून अधिक काळ वापरले नाही तर ते काढून टाकण्याचा अर्ज कोणाही बाधित व्यक्तीस करता येतो. याउलट नोंद नसली तरी हक्क नसतोच असे नाही. जो आधी वापरतो तो नंतर नोंदणाऱ्याहून वरचढ, हा सिद्धांत सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली पुन्हा ठामपणे सांगितला आहे. तेव्हा पिशोरच्या एखाद्या मसाल्याच्या घरगुती उद्योगाने नाव नोंदवले नसेल, पण जुनी बिले, छापखान्याच्या पावत्या, जाहिरातीची कात्रणे आणि वजनमाप खात्याचे कागद जपून ठेवले असतील, तर जिल्हा न्यायालयात त्याची बाजू लंगडी ठरत नाही. अडचण अशी की हे कागद आपल्याकडे दिवाळीच्या साफसफाईत जातात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने चिन्हाचा सर्वांत नाजूक प्रसंग बियाण्यांच्या पिशवीवर येतो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको स्थापिली, तेव्हापासून हा सारा टापू बियाण्यांच्या धंद्याचे आगर बनला आणि कापसाचे वा मक्याचे बी वाणावरून न मागता पिशवीवरील नावावरून मागण्याची रीत पडली. बनावट पिशवीने केवळ कंपनीचे नुकसान होत नाही, शेतकऱ्याचा हंगामच बुडतो. मात्र उलट दिशेनेही एक मर्यादा आहे: २००१ च्या पीक वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायद्याप्रमाणे शेतकरी आपल्या पिकातून राखलेले बी पेरू शकतो, शेजाऱ्यास देऊ शकतो, विकूही शकतो, अट एवढीच की ते संरक्षित वाणाच्या नावाचे लेबल लावून, पिशवीत भरून विकू नये. कायद्याने बी शेतकऱ्याला दिले आणि नाव कंपनीकडे ठेवले. हा तोडगा प्रस्तुत लेखकास न्याय्य वाटतो.

परदेशात चिन्हाची गत स्वामित्वहक्काच्या अगदी उलट आहे. बर्नसारखा आपोआप चालणारा करार चिन्हांसाठी नाही. भारत ८ जुलै २०१३ पासून माद्रिद व्यवस्थेत आहे, तिच्यायोगे येथील एकाच अर्जावर अनेक देशांकडे मागणी नोंदवता येते. पण मूळ शुल्क ६५३ स्विस फ्रँक, त्यावर प्रत्येक देशाचे वेगळे, आणि प्रत्येक देशाचे दप्तर आपल्या कायद्यानुसार ती मागणी नाकारू शकते. शिवाय पहिल्या पाच वर्षांत मूळ भारतीय नोंद कोसळली तर परदेशी नोंदींचा सारा डोलारा तिच्याबरोबर येतो. आखाती देशांत मराठी लोणची व मसाले जातात. तेथील संयुक्त अरब अमिरात या व्यवस्थेत डिसेंबर २०२१ अखेर आली, ही निर्यातदारांनी टिपून ठेवण्याची बाब आहे. आणि परदेशी बलाढ्यांसही हीच हद्द आडवी येते. टोयोटाने ‘प्रियस’ मोटार जपानात १९९७ साली विकायला काढली, भारतात ती २०१० साली आणली. मधल्या काळात येथील एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने ते नाव नोंदवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली टोयोटाला स्पष्ट सांगितले की, जगभरची कीर्ती पुरेशी नाही, त्या काळी भारतीय बाजारात ती पोहोचली होती हे सिद्ध करा. ते सिद्ध झाले नाही.

राहिले भौगोलिक मानांकन. पिशोर परिसरात, किंबहुना कन्नड, खुलताबाद, फुलंब्री या पट्ट्यात आले मोठ्या प्रमाणावर पिकते. उद्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने ‘पिशोर आले’ हे व्यापारचिन्ह म्हणून मागितले तर नोंदणी अधिकारी बहुधा हरकत घेईल, कारण गावाचे नाव एकट्याच्या मालकीचे करता येत नाही. त्यासाठी दुसरी वाट आहे. भौगोलिक मानांकनाचा कायदा आणि व्यापारचिन्हांचा नवा कायदा हे दोन्ही १९९९ चे, दोन्ही १५ सप्टेंबर २००३ रोजी अमलात आले, आणि पैठणी, मराठवाड्याचा केसर आंबा, जालन्याची मोसंबी, बीडचे सीताफळ यांना त्या वाटेने चेन्नईच्या दप्तरात जागा मिळाली आहे. मात्र त्या वाटेवर वेगळेपण सिद्ध करावे लागते: त्या मातीचा, हवेचा वा हाताच्या कसबाचा गुण मालात उतरला आहे हे दाखवावे लागते. आल्याच्या बाबतीत ते काम अवघड आहे. आणि मानांकन मिळाल्यावरही प्रत्येक उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नाव नोंदवावे लागते. त्याची फी २०२० साली ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणली, तरी नावे नोंदवणारे थोडेच. सत्कार मानांकनाचा होतो. रजिस्टर रिकामे राहते.

कोल्हापुरी चपलेचे प्रकरण या दृष्टीने पाहावे. जुलै २०१९ मध्ये तिला मानांकन मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांसाठी, आणि मालकी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे गेली. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तिच्याशी हुबेहूब मिळणारी पादत्राणे, कोल्हापूरचे नाव न घेता, मिरवली. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिले, कंपनीने प्रेरणा भारतीय पादत्राणाची असल्याचे मान्य केले, आणि मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण नोंदणीकृत मालक असलेली महामंडळे स्वतः दाद मागू शकत होती. वर्षअखेरीस त्याच दोन महामंडळांशी करार करून मर्यादित जोड येथील कारागिरांकडून बनवून घेण्याचे कंपनीने ठरवले. यात कायद्याने काय केले? फारसे काही नाही. मानांकन नावाचे रक्षण करते, आणि कंपनीने नाव वापरलेच नव्हते. शिवाय ते मानांकन भारतापुरते होते. युरोपात दार्जिलिंगच्या चहाला २०११ सालीच संरक्षण मिळाले आहे, कारण ते शेतमालाच्या कायद्यात बसते. हस्तोद्योगाच्या वस्तूंना युरोपीय संघाच्या पातळीवर असे दारच नव्हते. ते २०२३ च्या नव्या विनियमाने उघडले आणि त्याचा अंमल १ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला. आता कोल्हापुरीसाठी आणि पैठणीसाठी तेथे अर्ज करता येतो. तो करावयाचा कोणी, तर चपलेच्या बाबतीत दोन राज्यांच्या महामंडळांनी मिळून आणि पैठणीच्या बाबतीत येवला व पैठण येथील विणकरांच्या संस्थांनी, आणि त्यासोबत धाग्याचे, विणीचे, कातड्याच्या कमावणीचे असे लेखी तपशीलपत्रक जोडून, जे युरोपचा अधिकारी तपासू शकेल.